गोव्यातला लांब दिवस आणि पहाटे चारचा हात

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही समजेल. तुम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहता, वय २९, नोकरी करता. दोन-अडीच वर्षं फोनवर पोकर खेळून हात बसला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, पैशांचे खेळ बंद झाले, तेव्हापासून मित्रांबरोबर पणजीला जहाजावरच्या कॅसिनोत जाता. मागच्या खेपेला दुपारी दोनला १००/२०० च्या टेबलावर (म्हणजे प्रत्येक डावाला दोघांना सक्तीनं भरावे लागणारे छोटा आणि मोठा ब्लाइंड, १०० आणि २०० रुपये) २० हजारांच्या चिप्स घेऊन बसलात. रात्री नऊला समोर ५८ हजार होते. पहाटे चारला एका हातात ते सगळे गेले. मग आणखी २० हजारांच्या चिप्स घेतल्या आणि साडेपाचला त्याही संपल्या. आता पुन्हा जायचंय, ६० हजार बाजूला काढलेत, आणि तुम्हाला हवंय ते असं की बारा-चौदा तास एकाग्रतेनं बसायची ताकद कशी कमवायची. कॉफी किती, जेवण काय, झोप कधी.

मी उद्यमनगरात एक छोटं मशीन शॉप चालवतो. गेली अकरा वर्षं, वर्षातून पाच-सहा वेळा, गोव्यात लाइव्ह कॅश, म्हणजे समोरासमोर बसून खऱ्या पैशांच्या चिप्सवर, खेळायला जातो. पोट या खेळावर नाही, पण बसलेल्या प्रत्येक दिवसाचा हिशेब वहीत आहे: किती वाजता बसलो, कितीला उठलो, किती घेऊन उठलो आणि उठताना डोकं कसं होतं. पुढं जे सांगतोय ते त्या वहीतून.

जेवण-झोपेचं सांगतोच. पण तुमची अडचण दमाची आहे असं मला वाटत नाही. खासबागेतल्या कुस्तीला शेवट असतो. एकाची पाठ लागली की पंच शिट्टी मारतो, दोघं मातीतून बाहेर येतात. पोकरच्या टूर्नामेंटलाही शेवट असतो, चिप्स संपल्या की तुम्ही बाहेर. कॅश गेमला मात्र शेवटच नाही. टेबल दिवसरात्र चालतं, उठलेल्याच्या जागी दुसरा येऊन बसतो, डीलर बदलत राहतात, आणि जहाजाच्या आत दिवस कधी मावळला हेही कळत नाही. अशा ठिकाणी शेवट घरून ठरवून घेऊन जावा लागतो. तुम्ही तो नेला नव्हता. म्हणून तुमचा शेवट पहाटे साडेपाचला रिकाम्या जागेनं ठरवला. आणखी दम असता तर तुम्ही सातपर्यंत बसला असता, एवढंच.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच मान्य करतो. टेबलावर कोण बसलंय, कॅसिनो पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, किती रेक (स्वतःचा वाटा) कापतो, तुम्ही आदल्या रात्री किती झोपलात, खिशातले पैसे कुठल्या कामाचे आहेत, यावर दहा तास बसणं शहाणपणाचं की चार, हे बदलतं. मी स्वतः तीन तासांत उठून आलोय आणि अकरा तासही बसलोय, दोन्ही वेळा बरोबर होतो. त्यामुळं ‘इतके तास बसा’ असा आकडा मी देणार नाही. उठायचं कशावरून ठरवायचं, ते सांगतो.

त्यासाठी तो चारचा हात उघडून बघू, कारण सगळं त्यातच आहे. तुमच्या हातात दोन पत्ते होते, एक्का-राजा. तुम्ही हजारला रेझ केलं, म्हणजे पैज वाढवली. एकानं कॉल केला, म्हणजे तेवढेच भरले. फ्लॉपला, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत, राजा, नव्वा, चव्वा. तुम्ही लावलंत, त्यानं कॉल केला. टर्नला, चौथ्या पत्त्यावर, पुन्हा तेच. रिव्हरला, शेवटच्या पाचव्या पत्त्यावर, तुम्ही उरलेलं सगळं आत ढकललंत आणि त्यानं चव्व्यांची जोडी उलटी केली. त्याला सेट, म्हणजे तीन चव्वे, लागला होता. तुम्ही लिहिलंय, ‘हातात सगळ्यात मोठी जोडी, सोबत एक्का, यात माझी चूक काय, नशीबच वाईट.’

दुपारी दोनला हाच हात आला असता आणि तुमचे २० हजार गेले असते, तर मीही नशीब म्हटलं असतं. रात्री चारला मात्र तुमच्यासमोर ५८ हजार होते, आणि तुम्हीच लिहिलंय की त्या माणसाकडं त्याहून जास्त होते. आता त्याच्या बाजूनं बघा. हातात छोटी जोडी असेल तर फ्लॉपला सेट लागायची शक्यता साधारण साडेआठ वेळांतून एकदा असते. म्हणजे हजार-हजार भरत तो साडेआठ हजार खर्च करतो आणि एकदा त्याला सेट लागतो. तुमच्याकडं २० हजार असतील तर हा खर्च निघायला त्याला दर वेळी तुमच्याकडून जवळजवळ निम्मा स्टॅक (समोरच्या चिप्सचा ढीग) काढावा लागेल, आणि तेवढं रोज कोणी देत नाही. तुमच्याकडं ५८ हजार असतील तर त्याला त्यातला सातवा हिस्सा निघाला तरी पुरतं. तुम्ही तर पूर्ण दिला. स्टॅक वाढत जातो तशी एका जोडीची किंमत उतरत जाते. शंभर मोठ्या ब्लाइंडच्या, म्हणजे २० हजारांच्या, स्टॅकला एक्क्यासोबतची राजांची जोडी सगळं आत घालण्याइतकी मोठी असते. जवळजवळ तीनशे ब्लाइंडला ती मध्यम पॉट जिंकायची गोष्ट होते. समोरचा तीन फेऱ्या कॉल करत आलाय, तर रिव्हरला चेक करून (स्वतः काही न लावता) लहान पैज बघायची आणि मोठी आली तर पत्ते टाकायचे.

फोनवर खेळताना तुम्ही बहुधा शंभर ब्लाइंडनंच बसत होता. तीनशे ब्लाइंडचा खेळ तुम्ही शिकलाच नव्हता, आणि तो तुम्ही चौदाव्या तासाला, झोपेच्या वेळी, त्या टेबलावरच्या कदाचित सगळ्यांत अनुभवी माणसाविरुद्ध खेळलात. रात्री उशिरापर्यंत मोठा स्टॅक घेऊन निवांत बसलेला माणूस बहुतेक वेळा संध्याकाळी सातला ताजा झोपून उठून आलेला असतो, हे मी खूप वेळा पाहिलंय.

कॅश गेमचा नियम असा की टेबलावर आलेल्या चिप्स खेळ सुटेपर्यंत खिशात घालता येत नाहीत. मोठा स्टॅक कमी करायचा एकच मार्ग, उठणं. म्हणून रात्री नऊला, स्टॅक तिप्पट व्हायला आला तेव्हा, तुमच्यापुढं खरा निर्णय होता. मी जिंकतोय का, हा प्रश्न तिथं लागू नव्हता. एवढ्या खोल स्टॅकनं या माणसांविरुद्ध, या अवस्थेत मला खेळता येतं का, हा होता. तुमचं उत्तर नाही असंच आलं असतं.

आता एका दिवसात नेमकं काय घडतं त्याचा हिशेब. लाइव्ह टेबलावर तासाला पंचवीस ते तीस हात होतात. दहा तास म्हणजे २८० हात धरा. एक्क्यांची जोडी २२१ हातांत एकदा येते, म्हणजे दिवसात एकदा, कधी एकदाही नाही. कुठलीही जोडी सतरा हातांत एकदा, म्हणजे सोळा वेळा. त्या सगळ्या घेऊन फ्लॉप बघितला तरी सेट दोनदा. एक्का-राजा ८३ हातांत एकदा, म्हणजे तीनदा, आणि त्यांतल्या एकदा फ्लॉपला जोडी जुळते. फोनवर दोन टेबलं लावून तुम्ही हे सगळं दीड-दोन तासांत बघत होता. इथं त्याला दिवस जातो. दिवस लांब वाटतो, पण नमुना म्हणून तो फारच छोटा आहे.

पैशांचं तसंच. धरून चालू की एक चांगला खेळाडू रेक वजा जाता तासाला पाच मोठे ब्लाइंड कमावतो. हे चांगल्याचं सांगतोय, सगळ्यांचं नाही. २०० च्या ब्लाइंडला दहा तासांचे १० हजार झाले. पण दहा तासांतला चढउतार सहज दीडशे ब्लाइंडचा, म्हणजे ३० हजारांचा असतो. गणित मांडलं तर असा चांगला माणूससुद्धा दहांतले साडेतीन-चार दिवस हरून उठतो. तुमचे नऊ वाजताचे वरचे ३८ हजार होते, त्यात कौशल्याची कमाई फार तर काही हजारांची, बाकी पत्त्यांनी दिलेलं. ते आपलं आहे असं वाटायला लागलं की माणूस वेगळा खेळायला लागतो.

आमच्याकडं फाउंड्रीतून कास्टिंग येतात. एका हीटमधले, म्हणजे एकदा वितळवलेल्या धातूतून ओतलेले, चार पीस खराब निघाले म्हणून मी फाउंड्री बदलत नाही, आणि एक हीट अगदी स्वच्छ आली म्हणून तपासणी सोडत नाही. महिन्याचं रिजेक्शन बघतो. पोकरचा दिवस म्हणजे एक हीट. वहीत मी आकड्याच्या शेजारी नेहमी दुसरं एक वाक्य लिहितो: आज कुठला निर्णय चुकला. वर्षभरानं आकड्यांपेक्षा ती वाक्यं जास्त कामाला येतात. माझ्या वहीत आठव्या तासानंतरची वाक्यं वाढत जातात, त्यावरून मी माझी मर्यादा ठरवली. तुमची पाचव्या तासाला असेल, किंवा नवव्या. ती तुमच्या वहीतूनच निघेल.

दुसऱ्यांदा घेतलेल्या २० हजारांबद्दल थोडं कडक बोलतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत चिप्स घ्यायला मोजलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झालाय. कर जिंकलेल्या रकमेवर लागत नाही, आत घालताना लागतो. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर परत लागत नाही. हा भार कॅसिनो किती स्वतः घेतो आणि किती तुमच्यावर टाकतो, हे ठिकाणाप्रमाणं वेगळं असतं, म्हणून खिडकीवर पहिला प्रश्न हाच विचारा: इतके पैसे दिले तर हातात किती चिप्स येणार? सगळा भार तुमच्यावर आला तर २० हजारांच्या चिप्सना ८ हजार कर. वर सांगितलेल्या चांगल्या खेळाडूची दहा तासांची कमाई १० हजार होती. म्हणजे एकदा चिप्स घेतल्या तर त्याचा दिवस जेमतेम वर राहतो, दुसऱ्यांदा घेतल्या की तो दिवस सरासरीच्या हिशेबानंच तोट्यात गेला. शिवाय जिंकलेल्या रकमेवर प्राप्तिकर सरसकट ३० टक्के आणि वर उपकर, आणि हरलेल्या दिवसांची त्यातून वजावट मिळत नाही.

या आकड्यांनंतर मी माझा नियम बदलला. पूर्वी दिवसाला दोनदा चिप्स घ्यायचो. आता एकदाच. त्या गेल्या की दिवस संपला, मग दुपारचे चार वाजलेले असोत. आणि कर पूर्ण माझ्यावर येत असेल तर मी बसतच नाही, जेवून परत येतो. तुम्हालाही हेच सांगेन. पहाटे चारला, एवढा मोठा हात हरल्यावर दहा मिनिटांत घेतलेले २० हजार हे पोकर खेळायला घेतलेले नव्हते. ते गेलेले परत आणायला घेतले होते, आणि दीड तासात संपले यात नवल नाही.

आता दिवस कसा मांडायचा ते. मी लांब दिवस असा कधी खेळत नाही, तीन छोटे दिवस खेळतो. आदल्या संध्याकाळी पणजीत पोचतो, रात्री नीट झोपतो. सकाळी उठून चालून येतो, हलकं जेवतो, आणि दीडच्या सुमारास बसतो. साडेचारला उठतो. जिंकत असलो तरी, हरत असलो तरी, टेबल सोन्यासारखं असलं तरी. तासभर टेबलापासून लांब. त्या वेळेत वहीत लिहितो. मग दुसरी बैठक साडेपाच ते साडेआठ. मग जेवण. तिसरी बैठक साडेनऊला सुरू करायची की नाही, हे जेवणानंतर ठरवतो, आणि केली तरी साडेबारा ही शेवटची वेळ. साडेबाराची वेळ मी घरून निघताना बायकोला सांगून येतो, आणि उठल्यावर तिला मेसेज करतो. एखाद्या माणसाला सांगितलेली वेळ स्वतःशी ठरवलेल्या वेळेपेक्षा जास्त पाळली जाते.

मधल्या सुट्टीनं नुकसान होईल अशी भीती वाटते, विशेषतः टेबलावर पैसे उधळणारा कोणी असेल तेव्हा. वीस मिनिटं उठलात तर आठ-दहा हात चुकतात, त्यांतले खेळण्यासारखे दोन. चुकलेला ब्लाइंड परत आल्यावर भरायचा. एवढीच किंमत. दमलेल्या डोक्यानं केलेला एक चुकीचा कॉल याच्या पन्नासपट महाग असतो. म्हणून दीड तासानं एकदा डेकवर जातो. समोर मांडवी, वर अटल सेतूचे दिवे, रेतीच्या बोटी जाताना दिसतात. मोबाइल खिशातच ठेवतो. डोळ्यांना लांबचं काहीतरी बघू दिलं की आत परतल्यावर टेबल पुन्हा स्पष्ट दिसतं.

बसलेल्या वेळेत तुम्हाला सगळ्यांत जास्त त्रास कंटाळ्याचा होईल. फोनवर पत्ते टाकले की पाच सेकंदांत नवे येतात. इथं पत्ते टाकले की दोन मिनिटं दुसऱ्यांचं बघत बसायचं. चाळीस मिनिटं काही आलं नाही की राणी-सत्ती सुंदर दिसायला लागते. दिवाळीत तीन पत्ती खेळून वाढलेल्या आपल्या माणसांना तर ‘प्रत्येक डावात असावं’ अशी सवयच असते. यावर माझा उपाय साधा आहे. पत्ते टाकल्यावर मी स्वतःला काम देतो. हातात नसलेल्या प्रत्येक डावात समोरच्या दोघांकडं काय असेल ते मनात ठरवतो आणि पत्ते उघडले की ताडून बघतो. तासाभरात कळतं की तीन नंबरच्या जागेवरचा माणूस काहीही घेऊन कॉल करतो, आणि सहा नंबरचा रेझ करतो तेव्हा त्याच्याकडं खरंच असतं. चिप्सना हात लावायच्या आधी कोण श्वास रोखतो, कोण फ्लॉप पडताच स्वतःच्या चिप्सकडं बघतो, हे फोननं कधी शिकवलं नव्हतं. कंटाळा जातो, आणि पुढच्या तीन तासांचं भांडवल तयार होतं.

खेळायचं कसं, याबद्दल थोडक्यात: इथल्या लहान टेबलांवर लोक पत्ते टाकत नाहीत, कॉल करतात. चांगला हात असेल तेव्हा मोठं लावा, थापा कमी मारा. जो टाकतच नाही त्याला थाप मारून काय मिळणार? टेबलाचे रिवाज पहिल्या तासात शिकून घ्या. तोंडानं ‘रेझ’ म्हटलं की ते बंधन. न बोलता एकच मोठी चिप टाकली तर ती कॉल धरली जाते. दोन टप्प्यांत चिप्स पुढं सरकवू नका. आपली पाळी येईपर्यंत पत्ते टाकून देऊ नका.

शरीराचं. बहुतेक जहाजांवर जेवण आणि दारू प्रवेशाच्या पैशांत धरलेली असते, म्हणून ती फुकट वाटते. दारूचा एक घोटही नको, खेळून झाल्यावरसुद्धा नको, कारण ‘खेळून झाल्यावर’ हे मग पुढं सरकत जातं. दुपारी भरपेट भात खाल्ला तर दुसऱ्या तासाला झापड येते. मी भाजी, मासा, दही एवढ्यावर राहतो आणि खिशात चणे-शेंगदाणे ठेवतो. पाणी भरपूर, त्यानं उठणंही होतं. कॉफी दोन कप, संध्याकाळी पाचनंतर बंद. पाचनंतरची कॉफी तुम्हाला जागं ठेवते, पण शहाणं ठेवत नाही, आणि साडेबाराला खोलीवर गेल्यावर झोपूही देत नाही. एसी कडक असतो, फुल बाह्यांचं काहीतरी न्या. थंडीत आखडलेला माणूस लवकर चिडतो.

ठरलेल्या वेळेआधी उठायच्या माझ्या खुणा अशा. डीलरचा राग यायला लागला की मी उठतो, कारण डीलरनं काही केलेलं नसतं. मागच्या हाताची गोष्ट शेजाऱ्याला दुसऱ्यांदा सांगायला लागलो की उठतो. पॉटमध्ये किती आहेत हे डीलरला विचारावं लागलं, म्हणजे माझी मोजणी सुटली, तर उठतो. चिप्सकडं बघून त्यातून मशीन शॉपची कुठली देणी भागतील असा हिशेब डोक्यात आला, तर लगेच उठतो. ही शेवटची खूण मला सगळ्यांत महाग पडून कळली. एका वर्षी समोर चांगला स्टॅक होता आणि मी त्यातून नव्या लेथचा हप्ता मनातल्या मनात भरून टाकला. त्यानंतर दोन तास मी तो हप्ता वाचवायला खेळत होतो. प्रत्येक मोठ्या पैजेपुढं टाकत गेलो, आणि एकदा टाकायचं तिथं घाबरून कॉल केला. हप्ता शेवटी शॉपच्या पैशांतूनच भरला.

मित्रांचं विचारलंय. चौघं एका टेबलावर बसू नका. एकमेकांना सांभाळून खेळणं बाकीच्यांवर अन्याय आहे, आणि एकमेकांचे पैसे घेणं तुमच्यासाठी चांगलं नाही. हात चालू असताना आपापसांत मराठीत बोलू नका, बाकीच्यांना संशय येतो आणि तो रास्त असतो. एकमेकांना टेबलावर उसने पैसे द्यायचे नाहीत हे कोल्हापुरातून निघतानाच चौघांत ठरवा. तुम्ही ज्याच्याकडून दुसरे २० हजार घेतलेत, त्यानं दोस्तीत दिले हे मला कळतं. पण तो ‘नाही’ म्हणाला असता तर ती जास्त मोठी दोस्ती होती.

‘मग कोल्हापुरातच कोणाच्या फ्लॅटवर पैसे लावून सराव केला तर’ असंही तुम्ही विचारलंय. नको. गोव्यात जहाजांवरच्या टेबलांना १९९६ च्या दुरुस्तीनं परवानगी मिळाली. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे, आणि कॅसिनोंसाठी १९७६ मध्ये केलेला कायदा कधी अंमलात न येता २०२३ मध्ये रद्दही झाला. फ्लॅटवरच्या खेळात छाप्याची भीती वेगळी, आणि पत्ते कोण पिसतोय याची खात्री नाही ती वेगळी. सराव करायचा तर मित्रांबरोबर बिनपैशांच्या चिप्स घ्या, तीनशे ब्लाइंडनं बसा, आणि प्रत्येक हातानंतर पत्ते उघडून बोला. ते चार रविवार तुम्हाला गोव्याच्या दोन खेपांपेक्षा जास्त शिकवतील.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य मधेच होतं, त्याकडं मी परत परत जातोय. ‘घरी सांगितलेलं नाही, ऑफिसच्या कामाला जातो म्हणून सांगतो.’ आणि ६० हजार म्हणजे तुमचा दोन महिन्यांचा पगार. मित्राचे २० हजार अजून द्यायचे आहेत. हे सगळं एकत्र वाचल्यावर माझं उत्तर असं आहे की पुढच्या महिन्यात जाऊ नका. आधी मित्राचे पैसे फेडा. मग घरी सांगा, हरलेल्या आकड्यासकट. घरचे चिडतील, ते चिडणं सोसा. जो दिवस घरी सांगता येत नाही त्याला साडेबाराची वेळ कोणी लावू शकत नाही. तुम्ही तिथं ‘ऑफिसच्या कामाला’ आहात, तुमची वाट बघणारं, फोन करून ‘उठलास का’ विचारणारं कोणी नाही. आणि सांगायच्या विचारानंच छातीत धडधडत असेल, झोपेत ते हात परत परत दिसत असतील, किंवा फेडण्यासाठी आणखी एक उसनवार करावी असं मनात येत असेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतीच्या, नंबरवर फोन करा. तिथं मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. माझ्या ओळखीच्या एकानं खूप उशिरा अशी मदत घेतली. लवकर घेतली असती तर त्याचं दुकान वाचलं असतं असं तो स्वतः म्हणतो.

हे सगळं झाल्यावर, सहा महिन्यांनी म्हणा, जावंसं वाटलं तर ६० हजार नकोत. जे गेले तरी घरातलं एकही काम अडणार नाही एवढेच न्या, आणि त्या रकमेला परवडेल असं टेबल मिळालं नाही तर बघून परत या. बघण्यातही शिकायला मिळतं. एटीएम कार्ड खोलीवर ठेवा.

राहता राहिला रात्रीच परत निघण्याचा प्रश्न, खोलीचे पैसे वाचावेत म्हणून. तुम्ही त्या दिवशी साडेपाचला उठून तसेच गाडी घेऊन निघालात हे वाचून मला सगळ्यांत जास्त भीती वाटली. मी एकदा तसं केलंय. फोंडा घाट चढून दाजीपूरच्या जंगलात आलो आणि डोळा लागला. जागा झालो तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेच्या खडीवर होती आणि पुढं पन्नास पावलांवर गवा उभा होता. पोकरमध्ये हरलेलं मोजता येतं. त्यानंतर मी खोलीचे दोन रात्रींचे पैसे खेळाच्या पैशांआधी बाजूला काढतो, खोली नसेल तर बसत नाही. सकाळी उजाडल्यावर, पोटभर झोपून, आंबोलीच्या रस्त्यानं निघा. पावसाळ्यात वर धुकं असतं, घाई करू नका. घाटमाथ्यावर चहाला थांबा, वही काढा, आणि आदल्या दिवसाचं ते एक वाक्य तिथं लिहा. चौघं असाल तर चौघांनी आपापलं लिहा आणि गाडीत वाचून दाखवा. आजऱ्यापर्यंत बोलायला पुरतं.